कॅबिनेटसोबत आलेला ५०० वॉटचा एसएमपीएस ठेवू की वेगळा घेऊ?

माळरान

मंडळी जरा मदत करा. माढा तालुक्यात राहतो, लग्नाच्या शूटिंगचं आणि एडिटिंगचं काम करतो. जुन्या पीसीवर फोर-के फुटेज टाकलं की तो मान टाकतो म्हणून नवीन बांधायला घेतलाय. रायझन ७ ७७०० प्रोसेसर, आरटीएक्स ५०६० टीआय सोळा जीबीवालं ग्राफिक कार्ड, ३२ जीबी रॅम, एक टीबीची एनव्हीएमई डिस्क आणि जुन्यातल्या दोन हार्डडिस्क. सगळं ठरलंय, फक्त एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्यावर, गाडी अडलीय.

दुकानदार म्हणतो कॅबिनेटसोबत ५०० वॉटचा येतोच की, तो चालतो, वेगळे पाच-सहा हजार कशाला घालवता. कार्डाला लागणारी आठ पिनी वायर त्याला नाहीये पण "कन्व्हर्टर देतो ना लावून" म्हणाला. मेहुणा पुण्यात असतो, तो म्हणतो घ्यायचा तर ८५० चाच घे, पुढे मोठं कार्ड टाकता येईल. आणि बाबांचं तिसरंच, जास्त वॉटचा आणलास तर बिल जास्त येणार.

आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही. संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की घरात १७०-१७५ व्होल्ट दाखवतो, कधी त्याहून कमी. घरी इन्व्हर्टर आहे पण जुना आहे. तर काय करू, ५०० ठेवू, ६५० घेऊ की ८५०?

चहाबाज

आधी बाबांची शंका मिटवून टाका, ती सगळ्यात सोपी आहे. एसएमपीएसवरचा आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो, तो सारखा तेवढं ओढत नसतो. पीसीला १०० वॉट लागत असतील तर ८५० वाला पण शंभर आणि वर थोडंफार जे उष्णतेत जातं तेवढंच घेणार.

बाकी फुकटचा एसएमपीएस मी तरी नाही लावणार. चाळीस-पन्नास हजाराचं कार्ड आणि त्याला वीज देणारा डबा फुकटातला, हे काय पटत नाही राव.

फुरसुंगीकर

५०० का ६५० का ८५० हा प्रश्न नंतर. त्या फुकटच्या एसएमपीएसच्या अंगावर जो स्टिकर आहे ना तो वाचा, त्यात एक टेबल असतं, +३.३ व्होल्ट, +५ व्होल्ट, +१२ व्होल्ट असं लिहिलेलं आणि खाली अँपिअर. १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिलेत ते इथे टाका. आणि मागे वायर लावतो तिथे लाल रंगाचा छोटा स्विच आहे का, ११५/२३० लिहिलेला, तेही बघा. आणि इनपुट काय लिहिलंय ते पण. असेल तर त्या लाल स्विचला हात लावू नका फक्त! चालू लाईनवर तो ११५ ला सरकवला तर फटाका वाजतो.

माळरान

दुकानात जाऊन बघून आलो. स्टिकरवर मोठ्या अक्षरात ५००. टेबलात +१२ व्होल्ट १८ अँपिअर, +५ व्होल्ट २५ अँपिअर, +३.३ व्होल्ट २० अँपिअर. इनपुट २०० ते २४० व्होल्ट. लाल स्विच आहे. वजनाला अगदीच हलका वाटला, वायरी पण बारीक. दुकानदार म्हणतो एवढं कोण बघतं.

फुरसुंगीकर

वाटलंच होतं. आता गुणाकार करा, १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात, ५ आणि ३.३ वर फार काही चालत नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या मशीन ५ व्होल्टवर जास्त ओढायच्या, हे टेबल त्याच जमान्यातलं आहे. म्हणजे तुमच्या कामाचा हा ५०० चा नाही, २१६ चा एसएमपीएस आहे आणि तोही स्टिकर खरं बोलत असेल तर.

आता तुमची गरज बघू. ७७०० वर ६५ वॉट लिहिलेलं असतं पण तो आकडा फसवा आहे, एएमडीच्या सेटिंगप्रमाणे तो फुल लोडला ८८ वॉटपर्यंत जातो. ५०६० टीआय १८० वॉट. बोर्ड, रॅम, एनव्हीएमई, दोन हार्डडिस्क, पंखे मिळून ५०-६० धरा. झाले साधारण ३३०. ऑनलाइन वॉट कॅल्क्युलेटर थोडं वाढवून सांगतात, त्यात वाईट काही नाही. रेंडरला प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकदम पळतात हे लक्षात ठेवा, गेमपेक्षा तुमचं काम जड आहे, कारण ते तासनतास चालतं.

तर २१६ वाल्यावर ३३० टाकणार का? आणि ते कन्व्हर्टर प्रकरण तर बघूच नका. आठ पिनी कनेक्टरमधून कार्ड १५० वॉटपर्यंत ओढू शकतं, म्हणजे साडेबारा अँपिअर. एसएमपीएसकडून त्यासाठी तीन पिवळ्या वायरी यायला पाहिजेत. कन्व्हर्टरमध्ये तोच करंट दोन जुन्या मोलेक्स पिनांमधून येतो, प्रत्येकीला एकच पिवळी वायर, तीही बारीक. आधी पिन काळी पडते मग वास येतो. दुकानात लावून देताना सगळं चालूच असतं हो, तिथे कोण दोन तास रेंडर लावतंय.

चहाबाज

एनव्हिडियाच ५०६० टीआयला ६०० वॉटचा सुचवते, त्यामुळे चांगल्या कंपनीचा ६५० घ्या आणि विषय संपवा. कोर्सेअर, कूलर मास्टर, डीपकूल, एमएसआय, अँटेक यातलं ८० प्लस ब्राँझ बिल्लेवालं काहीही, जे पाच वर्षं वॉरंटीचं मिळेल ते.

रात्रपाळी

मी मेहुण्याच्या बाजूने. ८५० गोल्ड घ्या, एकदाच खर्च. उद्या ५०७० टीआय टाकलं तर ते एकटंच ३०० वॉट खातं, कंपनी त्याला ७५० सांगते. आणि एसएमपीएस अर्ध्या लोडवर सगळ्यात चांगला चालतो, गोल्ड असेल तर बिल पण वाचेल. आणि नवीन एटीएक्स ३.१ (एसएमपीएसच्या मानकाची नवी आवृत्ती) वालाच बघा, सोळा पिनी कनेक्टरवाला.

फुरसुंगीकर

@रात्रपाळी, बिलाचं गणित करूनच बघू ना. रेंडरला ३०० वॉट लागतायत असं धरा. ब्राँझ ८५ टक्के धरला तर भिंतीतून ३५३ ओढेल, गोल्ड ९० टक्के धरला तर ३३३. फरक २० वॉट. रोज सहा तास असं काम केलं तरी वर्षाला ४४ युनिट. दहा रुपये युनिट धरलं तरी ४४० रुपये. ते वाईट नाही, पण गोल्ड-ब्राँझमधला फरक दीड-दोन हजार असेल तर तो भरून निघायला चार वर्षं जातात. आणि ८५० घेऊन नुसतं ब्राउझिंग करत बसलात तर पीसी ६० वॉटवर असतो, म्हणजे सात टक्के लोड. ब्राँझ-गोल्डची परीक्षा २०, ५० आणि १०० टक्के लोडवर होते, त्याच्या खाली काय होतं ते तो बिल्ला सांगतच नाही. दहा टक्क्यांची अट टायटॅनियमसारख्या सगळ्यात वरच्या बिल्ल्यालाच आहे.

अजून एक, हा ८० प्लसचा बिल्ला फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो. शॉर्ट झाला तर बंद होईल का, गरम झाला तर बंद होईल का, १२ व्होल्टमध्ये लहरी किती, यातलं काही तो तपासत नाही. गोल्ड आहे म्हणजे दणकट आहे असं नाही. त्यासाठी सायबेनेटिक्सचे (एसएमपीएस तपासणारी संस्था) रिपोर्ट बघायचे, त्या मॉडेलचा असला तर. ते खूप सविस्तर असतात.

बाकी एटीएक्स ३ बद्दल सहमत. आरटीएक्स ३०८०-३०९० च्या वेळी कार्ड क्षणभर दुप्पट ओढायचं आणि चांगले चांगले ७५० वाले पण ट्रिप व्हायचे, म्हणून २०२२ च्या एटीएक्स ३.० मध्ये हे झटके सोसायची अट आली. पण माळरानच्या कार्डाला बहुतेक मॉडेलमध्ये एकच साधा आठ पिनी लागतो, सोळा पिनीची चिंता त्यांनी करायचं कारण नाही. कनेक्टर वितळल्याच्या बातम्या आल्या त्या मुख्यतः ४०९० सारख्या ४५० वॉट किंवा वरच्या कार्डांच्या.

रात्रपाळी

मान्य, बिलाचा मुद्दा सोडतो. पण पुढचं कार्ड?

फुरसुंगीकर

ते ज्याचं त्याने ठरवायचं. लग्नाच्या व्हिडिओला १६ जीबीचं कार्ड चार-पाच वर्षं पुरतं माझ्या मते. ते वाचलेले पैसे दुसरीकडे लागणार आहेत, मला वाटतं माळरानच्या घरी खरी अडचण एसएमपीएसच्या पुढे नाही, मागे आहे. भिंतीत.

तारतम्य

शेवटी कोणीतरी बोललं. मी इलेक्ट्रिकलवाली आहे, पीसीतलं मला यांच्याइतकं कळत नाही, पण १७० व्होल्ट वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते.

माळरान, तुम्ही लिहिलेल्या स्टिकरवर इनपुट २०० ते २४० आहे. तुमच्याकडे संध्याकाळी १७० येतं. म्हणजे तो एसएमपीएस संध्याकाळी त्याच्या हद्दीबाहेरच चालणार. घेताना बॉक्सवर १०० ते २४० लिहिलेलंच घ्या, फुल रेंज म्हणतात त्याला, आणि अॅक्टिव्ह पीएफसी. ६५० का ८५० यापेक्षा तुमच्या गावात हे जास्त महत्त्वाचं. त्याला लाल स्विच नसतो, ती पण एक खूण.

का ते सांगते. अॅक्टिव्ह पीएफसीवाला आत येणारी वीज आधी वर चढवून ३८०-४०० व्होल्ट डीसी करून एका मोठ्या कपॅसिटरमध्ये भरून ठेवतो. बाहेर २३० असो की १७०, आत तेवढंच. लाल स्विचवाल्यात तसं काही नाही, बाहेर २३० असेल तर आत सव्वातीनशेच्या आसपास आणि बाहेर १७० असेल तर आत २४०. आता कपॅसिटरमधली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे ती निम्म्याच्या आसपास येते. त्यामुळे झालं काय, की लाईट अर्धा क्षण जरी मिटमिटली तरी पीसी बंद. ट्यूबलाईटला कळत पण नाही आणि तुमचा रेंडर गेला.

दुसरं, तीच वॉट कमी व्होल्टेजवर ओढायची तर करंट वाढतो. ४०० वॉटला २३० वर पावणेदोन अँपिअर, १७० वर जवळजवळ २.४. चांगल्या एसएमपीएसला हे झेपतं, पण थोडा जास्त तापतो. म्हणून तुमच्याकडे अगदी काठावरचा नको, ६५० बरोबर आहे.

स्टॅबिलायझर पीसीसाठी घेऊ नका, फुल रेंजवाल्याला गरजच नाही, उलट साध्या स्टॅबिलायझरचा रिले खटखट बदलताना मध्ये क्षणभर वीज तुटते.

माळरान

ताई हे कोणीच सांगितलं नव्हतं. आता इन्व्हर्टरचं सांगा ना. बाबांनी घेतलेला आहे, पंखा-लाईटसाठी. जुना पीसी त्यावर होता, लाईट गेली की कधी चालू राहायचा कधी बंद व्हायचा, काही नेम नव्हता. आणि अजून एक विचारायचं होतं, विचित्र वाटेल, पण जुन्या कॅबिनेटला उघड्या पायाने हात लागला की हलक्या मुंग्या येतात. टेस्टर लावला तर टेस्टर पण पेटतो. एसएमपीएस खराब आहे का?

तारतम्य

मुंग्यांचं आधी, कारण ते जास्त गंभीर आहे. एसएमपीएस बहुतेक चांगलाच असेल, तुमच्या घरचं अर्थिंग गेलेलं आहे नाहीतर कधी नव्हतंच. प्रत्येक एसएमपीएसमध्ये तोंडाशी फिल्टर असतो, त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोघांपासून पत्र्याला जोडलेले असतात. पत्रा अर्थला जोडलेला असेल तर तो बारीक करंट गुपचूप जमिनीत जातो. अर्थ नसेल तर पत्रा मधोमध लटकतो, ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी थोडा म्हणून नुसत्या मुंग्या. पण उद्या आत खरंच काही शॉर्ट झालं तर मुंग्यांवर भागणार नाही. शिवाय त्याच पत्र्याला जोडलेल्या एचडीएमआय, यूएसबी वायरी तुमच्या टीव्हीला, कॅमेऱ्याला जातात, पोर्ट जळतात ते असेच.

वायरमनला बोलवा. फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प लावून बघायला सांगा, फेज-न्यूट्रलवर जेवढा उजेड तेवढाच पडला पाहिजे. मंद पेटला किंवा पेटलाच नाही तर अर्थिंग नवीन करायचं. घरात आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) असेल तर दिवा लावताच ती पडेल, घाबरू नका, अर्थ कुठेतरी जोडलेला आहे आणि ती तिचं काम करतेय एवढंच. नुसत्या मीटरवर विश्वास ठेवू नका, अर्धवट तुटलेल्या अर्थवर पण मीटर २३० दाखवतो. आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत जा, माढ्याकडची जमीन कोरडी पडली की अर्थ नावाला उरतो.

एक मात्र हात जोडून सांगते. काही वायरमन बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थ एका वायरने जोडून देतात आणि मुंग्या लगेच थांबतात. ते करू देऊ नका. खांबावरून येणारा न्यूट्रल ज्या दिवशी तुटेल त्या दिवशी तुमच्या कॅबिनेटच्या, फ्रिजच्या, गिझरच्या पत्र्यावर पूर्ण फेज येईल.

न्यूट्रलवरून आठवलं, थ्री फेज लाईनवर न्यूट्रल गेला की घरात तीनशे-साडेतीनशे व्होल्ट पण येऊ शकतात, खेड्यात हे होतं. मीटरजवळ ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या. फक्त त्याचा खालचा कट १५० च्या आसपास ठेवायला सांगा, नाहीतर तुमच्याकडे रोज संध्याकाळी घरच बंद.

चहाबाज

ताईंनी एसएमपीएसच्या धाग्यात आख्ख्या घराचं वायरिंग काढलं 😄 पण बरोबर आहे. इन्व्हर्टरचं मी सांगतो, माझ्याकडे हेच झालंय.

इन्व्हर्टरच्या मागे किंवा बाजूला बहुतेक वेळा एक स्विच असतो, नॉर्मल आणि यूपीएस असा. नॉर्मलला लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला जास्त वेळ लागतो, पंख्याला काय फरक पडत नाही, पीसी मरतो. यूपीएसवर टाकला की साधारण दहा-पंधरा मिलिसेकंदात येतो. एसएमपीएसने तेवढं तग धरायचं असतं. एटीएक्स ३.० मध्ये फुल लोडला १७ मिलिसेकंदाची अट होती, ३.१ मध्ये ती फुल लोडला १२ केली आणि १७ ची अट ८० टक्के लोडला ठेवली. म्हणजे आकडा नवा म्हणून सगळंच भारी असं नाही. पण तुम्ही ६५० वर ३३० च टाकताय, निम्मा लोड, त्यामुळे तोच कपॅसिटर जवळपास दुप्पट वेळ पुरतो. इथे मात्र थोडा मोठा एसएमपीएस घेतल्याचा खरा फायदा होतो.

पण यूपीएस मोडची एक गोम आहे, त्यात इन्व्हर्टर १८० च्या आसपासच लाईट गेली समजून बॅटरीवर जातो. तुमच्याकडे १७० म्हणजे रोज संध्याकाळी बॅटरी चालू. आणि जुना इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लहरीची वीज देणारा) असेल तर अॅक्टिव्ह पीएफसीवाले एसएमपीएस त्यावर कधी गुणगुणतात कधी सरळ बंद होतात. साइन वेव्ह आहे का बघा.

माळरान

बघितलं, स्क्वेअर वेव्हच आहे. मग पीसीला वेगळा यूपीएस घेऊ का? ६०० व्हीएवाला तीन-साडेतीन हजारात मिळतोय.

फुरसुंगीकर

६०० व्हीए म्हणजे बहुतेक ३६० वॉटच. तुमचा पीसी आत ३३० वापरतो तेव्हा भिंतीतून ३८० च्या आसपास घेणार, वर मॉनिटरचे तीस वेगळे. रेंडर चालू असताना लाईट गेली की यूपीएस टूं करून बसणार. ११०० व्हीए घ्या, तो ६६० वॉटच्या आसपास असतो, आणि त्यावर पण रेंडर चालवत बसायचं नाही, सेव्ह करून बंद करायचं, पाच-सात मिनिटं मिळतील. साध्या यूपीएसची पण वेव्ह शुद्ध साइन नसते, पण लोड निम्मा असेल तर बहुतेक चांगले एसएमपीएस निभावून नेतात. दुकानात एसएमपीएस आणि यूपीएस एकत्र लावून, काहीतरी जड चालू करून, मेनची वायर उपटून बघा. तिथेच कळेल, घरी आणून कळण्यापेक्षा.

म्हणून म्हणत होतो, ८५० चे वाचलेले पैसे इकडे लावा.

रात्रपाळी

हो, आता पटलं. त्यांच्या जागी मी पण ६५० आणि यूपीएसच घेतला असता. मी हडपसरला राहतो, आमच्याकडे व्होल्टेज कधी बघावंच लागत नाही.

माळरान

ठरलं मग. ६५० ब्राँझ, १०० ते २४० वाला, ११०० चा यूपीएस आणि वायरमनला उद्याच सांगतो. कॅबिनेट एसएमपीएसशिवाय घेतलं तर दुकानदार सातशे रुपये कमी करतोय! शेवटचं एक, नवीन एसएमपीएस मॉड्युलर (वायरी काढता-घालता येणारा) आहे, जुन्या पीसीतला पण मॉड्युलर होता. जुन्या हार्डडिस्कच्या वायरी मस्त आवळून बांधलेल्या आहेत, त्या तशाच नवीन एसएमपीएसला खोचल्या तर चालतील ना? सॉकेटमध्ये बसतायत व्यवस्थित.

फुरसुंगीकर

नाही!! अजिबात नाही. बसतायत म्हणून खोचू नका. हार्डडिस्ककडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनेवर १२ आणि कुठल्या पिनेवर ५ हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्ये पण बदलतं. पाचच्या जागी बारा गेले की हार्डडिस्क जागेवर खलास, आणि तुमच्या त्या डिस्कमध्ये लोकांची लग्नं आहेत. नवीन बॉक्समधल्याच वायरी वापरा, आणि जुन्या आत्ताच वेगळ्या पिशवीत घालून वर नाव लिहून ठेवा.